कोकणातल्या लहान गावात भाड्याने रो हाऊस शोधताना

कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, दापोली यांसारख्या गावांत आणि रत्नागिरीलगतच्या कुवारबाव, नाचणे, मिरजोळे या भागांत आता रो हाऊसच्या लहान वसाहती दिसू लागल्या आहेत. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, पुढे थोडे अंगण आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा अशी साधारण रचना असते. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, घरून काम करणारी तरुण जोडपी आणि निवृत्तीनंतर गावाकडे परतण्याची इच्छा असूनही वडिलोपार्जित घरातला हिस्सा मोकळा नसलेली माणसे यांना अशी घरे सोयीची पडतात. मात्र मुंबई-पुण्यात घर शोधण्याची जी पद्धत आहे ती येथे उपयोगी पडत नाही. शहरात मजला, भाडे आणि स्टेशनचे अंतर विचारले की बरेचसे काम होते. कोकणात ते घर पावसात कसे राहते, मे महिन्यात तेथे पाणी कोठून येते आणि ते भाड्याने देण्याचा अधिकार नेमका कोणाचा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

रिकामे घर कळणार कसे

लहान गावातली बहुतेक रिकामी घरे कोणत्याही ॲपवर किंवा संकेतस्थळावर नोंदलेली नसतात. ती माणसांना माहीत असतात. म्हणून शोधाची सुरुवात कामाच्या ठिकाणापासून करावी. बँकेची शाखा, पंचायत समिती, एसटीचे आगार, महाविद्यालय, दापोलीत कृषी विद्यापीठ, ओरोसला जिल्हा मुख्यालयातली कार्यालये, अशा ठिकाणी कोणाची बदली झाली आणि कोण घर सोडणार आहे हे आधी कळते. सर्वसाधारण बदल्यांचा काळ एप्रिल-मेपासून जूनपर्यंत असतो आणि शाळाही जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या सुरुवातीला घरे सुटतात तशी ती भराभर लागतातही. ज्यांना निवडीला वाव हवा आहे त्यांनी मार्च-एप्रिलमध्येच चार ठिकाणी शब्द टाकून ठेवावा.

याहून उपयोगी माणसे म्हणजे पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, महावितरणचा वायरमन, प्लंबर आणि वसाहतीच्या तोंडाशी असलेला किराणा दुकानदार. कोणते घर बंद आहे एवढेच नव्हे, तर कोणाची विहीर कधी आटते, कोणाच्या मीटरचे काय भांडण आहे आणि मागचा भाडेकरू का गेला, हेही त्यांना ठाऊक असते. ‘तरुण भारत’ किंवा ‘रत्नागिरी टाइम्स’सारख्या स्थानिक दैनिकांतील छोट्या जाहिराती आणि गावातले व्हॉट्सॲप समूह पाहावेत, परंतु घर न दाखवताच ‘टोकन’ म्हणून पैसे मागणाऱ्यांशी व्यवहार करू नये. मध्यस्थ गाठला तर त्याची दलाली किती आणि ती कोण देणार, हे पहिल्याच भेटीत ठरवावे.

नव्याने येणाऱ्याला एक गोष्ट कोड्यात टाकते. गावात कुलूपबंद घरे पुष्कळ दिसतात, पण भाड्याने द्यायला मालक तयार होत नाहीत. यामागे खरी भीती आहे आणि तिला इतिहास आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनामुळे शेतजमिनी कसणाऱ्या कुळांच्या मालकीच्या झाल्या. त्या कायद्यामागचा न्याय मोठा होता, पण ‘दुसऱ्याला राहायला दिले की त्याचे नाव लागते’ ही समजूत अनेक घरांत तेव्हापासून घर करून राहिली. वास्तविक तो कायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराशी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याच्या कराराशी, त्याचा संबंध नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार अशा कराराची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा हक्क मालकाला आहे, आणि मुदतीनंतरही घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मुंबईत राहणाऱ्या एखाद्या वयस्कर काका-काकूंना हे शांतपणे समजावून सांगावे, करार नोंदवण्याची तयारी आपणहून दाखवावी आणि गावात आपल्याला ओळखणाऱ्या एखाद्या माणसाशी त्यांचे बोलणे करून द्यावे. चार वर्षे बंद असलेली घरेही अशा बोलण्यातून उघडतात, आणि बंद घरापेक्षा वापरात असलेले घर कोकणच्या हवेत अधिक टिकते हे मालकांनाही माहीत असतेच.

जुलैमधली भिंत आणि मेमधली विहीर

किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र असल्याने पाणी जितक्या वेगाने मुरते तितक्याच वेगाने ते खाली निघूनही जाते. त्यामुळे खरे तर घर दोनदा पाहावे, एकदा भर पावसात आणि एकदा ऐन उन्हाळ्यात. इतकी सवड फार थोड्यांना असते. म्हणून एका ऋतूत घर पाहताना दुसऱ्या ऋतूच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत.

उन्हाळ्यात घर पाहत असाल तर भिंतींकडे लक्ष द्यावे. पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे झड ज्या भिंतींवर बसते त्या याच दिशांच्या असतात. त्या भिंतींना आतून लोणा लागला आहे का, रंगाचे पोपडे सुटले आहेत का, सगळी खोली जुन्या रंगाची असताना हीच एक भिंत नुकतीच रंगवलेली आहे का, हे पाहावे. दरवाज्यांच्या चौकटी तळाशी काळ्या पडल्या असतील किंवा प्लायवूडच्या कपाटाचा खालचा भाग फुगला असेल, तर पाणी तेथपर्यंत येऊन गेलेले असते. बंद कपाट उघडून वास घ्यावा; बुरशीचा वास मे महिन्यातही जात नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस ओघळ दिसले तर आतली सळई गंजू लागली आहे असे समजावे, आणि असे घर लहान मुले असलेल्या कुटुंबाने घेऊ नये. घराच्या जोत्यावर बाहेरून हिरव्या शेवाळाची रेघ कोठपर्यंत चढली आहे आणि रस्त्यापेक्षा जोते किती उंच आहे हेही पाहून घ्यावे, कारण रस्त्यांवर दरवर्षी थर चढत जातात आणि जुनी वसाहत खाली राहते.

रो हाऊसच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. ओळीतल्या टोकाच्या घराच्या तीन भिंती उघड्या असतात, मधल्या घराच्या दोनच. उजेड आणि वारा टोकाच्या घराला अधिक मिळतो म्हणून भाडेही थोडे जास्त सांगितले जाते; परंतु पश्चिमेच्या टोकाचे घर असेल तर चार महिने ती भिंत ओलीच राहते. पर्याय असल्यास मी मधले घर किंवा पूर्वेच्या टोकाचे घर निवडण्यास सांगेन. मधल्या घराचे दुखणे वेगळ्या ठिकाणी असते: दोन घरांच्या गच्च्या किंवा पत्र्याच्या शेड जेथे एकमेकांना भिडतात तेथून पाणी झिरपते आणि दुरुस्ती कोणी करायची यावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एकमत होत नाही. गच्चीवर चढून हा सांधा, पन्हळी आणि पाणी जाण्याचे पाइप स्वतः पाहावेत. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती कशाला बांधली आहे हे तपासावे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोलीपर्यंत छपरे उडवली. नुसत्या चार खिळ्यांवर बसवलेले पत्रे अशा वाऱ्यात राहत नाहीत. जुने कौलारू घर पाहत असाल, तर वाशांना वाळवी लागली आहे का आणि शाकारणी शेवटची कधी झाली, हे विचारावे.

पावसाळ्यात घर पाहताना याच्या उलट अडचण येते. भिंत आपले खरे रूप दाखवते, पण तुडुंब भरलेली विहीर काहीच सांगत नाही. अशा वेळी मालकाऐवजी शेजारच्या घरातील बाईंना विचारावे, कारण पाणी कमी पडले की त्याची पहिली झळ त्यांनाच लागते. एप्रिलमध्ये नळाला किती दिवसांआड पाणी येते, किती वेळ येते, विहिरीचा पंप रोज किती मिनिटे चालवता येतो आणि मागच्या मेमध्ये टँकर आला होता का, असे नेमके प्रश्न विचारले की नेमकी उत्तरे मिळतात. प्रत्येक घरामागे दोन-तीन मोठ्या प्लास्टिकच्या टाक्या दिसल्या किंवा टाकीला बाहेरून टँकर जोडण्याचा पाइप दिसला, तर न विचारताही उत्तर कळते. वसाहतीची विहीर किंवा बोअरवेल सामाईक असेल तर पंपाचे वीजबिल कोणत्या मीटरवर येते आणि ते कसे वाटले जाते, हे समजून घ्यावे. लहान वसाहतीत सर्वाधिक वाद पंपाच्या बिलावरून होतात. खाडीजवळच्या वसाहतीत पाणी उन्हाळ्यात मचूळ किंवा खारे होते. नळांवर आणि बादलीच्या कडांवर पांढरा थर साचलेला असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर पिण्यासाठी वेगळी सोय करावी लागणार हे भाडे ठरवतानाच धरून चालावे.

सेप्टिक टँक कोठे आहे आणि विहिरीपासून किती दूर आहे, हे पाहायला कोणीही विसरू नये.

पूर आणि दरड

चिपळूण, खेड, राजापूर, महाड आणि खारेपाटण येथे घर पाहणाऱ्यांनी हा भाग टाळून पुढे जाऊ नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ आणि तिच्यालगतच्या वस्त्या पहिल्या मजल्यापर्यंत पाण्याखाली गेल्या. राजापुरात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरणे हे जवळपास दरवर्षीचे आहे. रो हाऊसमध्ये स्वयंपाकघर, फ्रिज, इन्व्हर्टर आणि विजेचा बोर्ड हे सगळे तळमजल्यावर असते, त्यामुळे वर दोन खोल्या आहेत एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. त्या वर्षी पाणी कोठपर्यंत आले होते ते शेजाऱ्यांना भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगावे. जलसंपदा विभागाने आखलेली निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर या रेषांच्या आत आहे का, हे नगरपरिषदेत विचारता येते.

डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवरील वसाहत उंचावर असल्याने पुरापासून सुरक्षित वाटते, पण तिचा धोका मागून येतो. पूर आला त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले. घराच्या मागे कापलेला उभा कडा असेल, त्याला संरक्षक भिंत नसेल किंवा असलेल्या भिंतीला पाणी बाहेर पडण्याची भोके नसतील, तर भाडे कितीही कमी असले तरी ते घर घेऊ नये.

हे घर द्यायचा अधिकार कोणाचा

नव्या वसाहतीतील रो हाऊसचा मालक बहुधा एकच किंवा पती-पत्नी असे दोघे असतात आणि नोंदणीकृत खरेदीखत पाहिले की प्रश्न मिटतो. गावठाणातले किंवा वाडीतले घर असेल तर मात्र थांबून पाहावे लागते. सातबाऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदारांची नावे, त्यातील निम्मे मुंबईत, एखादा बडोद्यात, आणि ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला, म्हणजे नमुना ८ च्या उताऱ्याला, दिवंगत आजोबांचे नाव, हे कोकणात अगदी नेहमीचे चित्र आहे. ज्याच्याकडे किल्ली आहे तो मालक असेलच असे नाही. तो चुलतभाऊ असेल किंवा देखरेख करणारा शेजारी असेल. अशा घरात राहायला गेल्यावर गणपतीत दुसरा भाऊ येऊन ‘तुम्हाला कोणी ठेवले?’ असे विचारतो, तेव्हा भाडेकरूची बाजू फार लंगडी पडते.

म्हणून घरपट्टीची चालू पावती, असेसमेंटचा उतारा आणि वीजबिल या तीन कागदांच्या प्रती मागाव्यात. तिन्हींवर एकच नाव असेल तर उत्तम. मूळ मालक हयात नसेल तर वारसांपैकी जो करार करणार आहे त्याच्या नावे इतरांचे संमतीपत्र घ्यावे, आणि मालक बाहेरगावी राहत असून त्याच्या वतीने कोणी सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र पाहावे. कागद मागितल्याने मालक दुखावेल असे वाटून संकोच करू नये. आदराने आणि सुरुवातीलाच मागितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याचे घर न घेतलेलेच बरे.

करारात काय लिहावे

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली की पुरते, असा समज गावोगाव आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वाद झाल्यास कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही. मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. महिना ९,००० रुपये भाडे, अकरा महिने मुदत आणि ३०,००० रुपये अनामत असेल तर हे शुल्क अडीचशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये आहे. नोंदणी ऑनलाइन आणि आधारच्या पडताळणीने होत असल्याने डोंबिवलीत बसलेला मालक आणि कुडाळचा भाडेकरू यांना एकाच वेळी एकाच कार्यालयात जावे लागत नाही. करार झाल्यावर भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी.

छापील मसुद्यात भाडे, मुदत, अनामत, घर सोडण्याची पूर्वसूचना हे सगळे असतेच. कोकणातल्या घरासाठी जे लिहायला हवे ते त्यात नसते आणि पुढचे मतभेद नेमके तेथेच होतात. मालक गणपतीला येणार असेल तर कोणते दिवस, कोणत्या खोल्या आणि त्या काळात भाडेकरूने कोठे राहायचे, हे स्पष्ट लिहावे. घरात देवघराची खोली बंद ठेवलेली असेल तर तिची किल्ली कोणाकडे आणि दिवाबत्ती कोण करणार, तेही लिहावे. शिमग्याचेही तसेच. मालवण, तारकर्ली, गुहागर किंवा दापोली-मुरूडसारख्या पर्यटनाच्या गावांत काही मालक मे आणि डिसेंबरमध्ये घर पर्यटकांना देण्यासाठी मोकळे मागतात. अशी अट मान्य नसेल तर आधीच नाही म्हणावे, कारण ती तोंडी राहिली तर ऐन सुट्टीत सामान हलवण्याची वेळ येते.

अंगणातील झाडांचा उल्लेख करावा. नारळ, आंब्याची कलमे, फणस, काजू यांचे उत्पन्न मालकाचे की भाडेकरूचे, आणि कलमे कोणा व्यापाऱ्याला दिलेली असतील तर त्याची माणसे केव्हा येणार, हे ठरलेले असावे. घराला लागून हापूसची बाग असेल तर मोहोराच्या हंगामात औषधाच्या फवारण्या होतात; लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर हे घर घेण्यापूर्वी नीट विचार करावा. गळती, पंप, पावसाळ्यापूर्वीची शाकारणी किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांचा खर्च मालकाचा आणि नळ, बल्ब, किरकोळ गोष्टी भाडेकरूच्या, अशी वाटणी साधारणपणे योग्य ठरते. घरात मासे शिजवण्यास बंदी अशी अट काही मालक घालतात. ती असेल तर ती सामान हलवल्यानंतर कळू नये, करारापूर्वी कळावी.

बाकीच्या चौकशा लवकर आटोपतात. मोबाइलचे नेटवर्क प्रत्येक खोलीत स्वतःच्या फोनवर पाहावे, घरून काम करणाऱ्यांनी वीज गेल्यावर ब्रॉडबँड किती वेळ टिकते हे शेजाऱ्यांना विचारावे. रेल्वे ‘जवळ’ आहे या शब्दावर जाऊ नये: मालवणला कुडाळ स्थानकावर आणि दापोलीला खेडला उतरावे लागते, आणि राजापूर रोड स्थानक राजापूर गावापासून बरेच दूर आहे. सायंकाळची शेवटची एसटी किती वाजता आहे हे आगारात विचारावे. वयस्कर माणसे बरोबर असतील तर रात्री डॉक्टर कोठे मिळतो, हा प्रश्न भाड्याच्या आकड्यापेक्षा आधी यावा.

ताबा घेताना वीज मीटरचे वाचन लिहून घ्यावे, पाण्याची टाकी स्वच्छ करून घ्यावी आणि प्रत्येक खोलीचे, विशेषतः ओल असलेल्या भिंतींचे, फोटो तारखेसह काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. पंखे, गीझर, पंप, ग्रिल्स यांची स्थिती लिहिलेली यादी दोन प्रतींत करावी. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि आधीचा गंज कोणता व नंतरचा कोणता हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही. यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत मालकाकडे द्यावी आणि दुसरी नोंदवलेल्या कराराबरोबर ठेवावी. गॅसची जोडणी बदलून घेताना आणि मुलांच्या शाळाप्रवेशाच्या वेळी पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार लागतो.